सह्या २८, उत्तरपत्रिका २७

तपासणी सुरू होऊन तिसरा दिवस. दुपारचा चहा यायचा होता. मास्किंगच्या, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक झाकायच्या, टेबलावरच्या मॅडमनी एक गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "सर, यात एक कमी भरतोय." गठ्ठ्यावरच्या पट्टीवर लिहिलं होतं, ब्लॉक ७ (ब्लॉक म्हणजे परीक्षेची एक खोली), उपस्थित २८. मी मोजल्या, २७. शिपाईमामांनी थुंकी लावून मोजल्या, २७. मॅडमनी तोवर तीनदा मोजल्या होत्याच. हजेरीच्या तक्त्यावर मात्र २८ सह्या होत्या. तेवीस आणि चोवीस या दोन रिकाम्या घरांसमोर लाल शाईत 'गैरहजर' असंही नीट लिहिलेलं.

परीक्षेला बसलेल्या एका मुलाचा पेपर आमच्याकडे नव्हता. पुढचे चार दिवस आमचे या एका वाक्याभोवती गेले.

हे प्रकरण मी का लिहून ठेवतोय ते आधी सांगतो. मी सातारा जिल्ह्यात चोवीस वर्षं पूर्णवेळ प्राध्यापक आहे. त्यातली निम्मी वर्षं कुठल्या ना कुठल्या परीक्षा समितीवर गेली. आमच्याकडे शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयं आहेत, स्वायत्त आहेत, आणि २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही, म्हणजे काही महाविद्यालयं मिळून झालेलं विद्यापीठ, साताऱ्यातच आहे. यातलं नेमकं कुठलं, हे सांगणार नाही. बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि त्यांनी कृपया फोन करू नये.

परीक्षेच्या कामाला बाहेरचे लोक 'सुपरव्हिजन' म्हणतात आणि वर्गात खुर्ची टाकून बसणं एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात उत्तरपत्रिका कोरी असल्यापासून तिच्यावर मार्क पडेपर्यंत निदान दहा-बारा हातांतून जाते, आणि प्रत्येक हात सही करतो. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर छापील क्रमांक असतो. ब्लॉकमध्ये मुलाची सही घेताना त्याच्या बैठक क्रमांकासमोर तो क्रमांक लिहायचा. पुरवणी दिली तर तिचीही नोंद. कनिष्ठ पर्यवेक्षकाने पहिल्या पानावर सही करायची. वेळ संपली की गोळा करायच्या, क्रमवार लावायच्या, मोजायच्या, परीक्षा कक्षात जाऊन मोजून द्यायच्या. तिथे घेणारा मोजतो, दोघं सही करतात. मग गठ्ठा, पट्टी, लाख, स्ट्राँग रूम, आणि तिथून आमच्या कॅपमध्ये, म्हणजे मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रात. इथे पुन्हा मोजणी, मग बैठक क्रमांक झाकून सांकेतिक क्रमांक टाकायचा, मग परीक्षक, मग त्यांची तपासणी पुन्हा बघणारा मॉडरेटर.

एवढी साखळी असताना एक उत्तरपत्रिका कमी पडते म्हणजे दोन ठिकाणी तरी न मोजता सही झालेली असते, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. बोललो नाही, कारण अशा न मोजता केलेल्या सह्या माझ्याही असतील.

संध्याकाळी शोधाशोध झाली. स्ट्राँग रूम, झेरॉक्सची खोली, ब्लॉक ७ ची बाकं, रद्दीची पोती. शिपाईमामा तर कपाटाखाली झोपून बघून आले. प्रश्नपत्रिका आता ऑनलाइन येते, ती केंद्रावरच उतरवून झेरॉक्स करायची असते. त्या धावपळीत एखादा कागद कुठे सरकला असेल अशी एक आशा होती. काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिघांची समिती नेमली गेली. त्यात मी होतो.

दबाव कसला होता तेही सांगायला हवं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की शेवटच्या पेपरपासून तीस दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, आणि काहीही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत लावाच. तरतूद चांगलीच आहे. आमच्या वेळी एम.ए.चे निकाल कधी लागायचे याच्या आठवणी काढल्या तर आजची पोरं हसतील. पण त्या पंचेचाळीस दिवसांत एक उत्तरपत्रिका हरवली, की विषयाचा निकाल अडतो, तो अडला की वर्गाचा अडतो, आणि मग खुलासा, भरारी पथकाचा अहवाल, स्थानिक पेपरात चार ओळी असं सगळं रांगेत उभं राहतं. त्यामुळे पहिल्या बैठकीत 'पेपर कुठे आहे' हा प्रश्न अर्धा तास चालला आणि 'जबाबदार कोण' हा दीड तास.

जबाबदार कोण हे ठरवणं फार सोपं होतं. ब्लॉक ७ च्या अहवालावर एकच सही होती. ती तासिका तत्त्वावरच्या एका सरांची.

तासिका तत्त्व म्हणजे आमच्या भाषेत सीएचबी. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेली, काही जण पीएच.डी. झालेली, तिशी-पस्तिशीची माणसं. दर वर्षी मुलाखत, दर वर्षी नवी ऑर्डर, शिकवलेल्या तासांचे पैसे. परीक्षेच्या महिन्यात तास नाहीत म्हणून मानधनही नाही, पर्यवेक्षणाचे मिळतील तेवढेच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासिकेला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं सुचवलं. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगात ५७,७०० आहे. शिकवणं तेच, वर्ग तेच, मुलं तर बहुतेक वेळा सीएचबीच्याच सरांना जास्त ओळखतात. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापक पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत असं म्हटलंय. आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप मोजले तरी या दहा टक्क्यांचं काय झालं ते कळतं.

आणखी एक गंमत. आमच्या त्याच विद्यापीठ कायद्यात 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या आहे, ती पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षकाची. त्याच कायद्यात परीक्षेच्या कामाला हातभार लावणं प्रत्येक शिक्षकावर बंधनकारक केलंय. म्हणजे व्याख्येप्रमाणे हे सर शिक्षक नाहीत. परीक्षेची ड्यूटी लागली की असतात.

त्यांना बोलावलं. ते वडूजकडून एसटीने येतात, पुसेगाव, कोरेगाव, मग सातारा. पेपर अकराचा, साडेदहाला हजर राहायचं. त्या दिवशी ते अकरा वाजून वीस मिनिटांनी पोचले होते. कारण? पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. मार्गशीर्षात तिथे काय होतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. सगळा खटाव-माण रस्त्यावर असतो, नोटांच्या माळा घातलेला रथ निघतो, बैलबाजार भरतो, आणि सातारा-पंढरपूर रस्त्यावरची एसटी एकदा अडकली की अडकली. समितीतल्या एका सरांनी लगेच म्हटलं, "यात्रा दर वर्षी असते, पहाटेची गाडी धरायची." ते बरोबरच होतं. सरांनी मान खाली घातली. मीही काही बोललो नाही, पण मनात आलं की माझं घर पोवई नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

"गठ्ठा देताना मोजलात का?"

"मोजला सर."

"किती भरल्या?"

ते थांबले. मग म्हणाले, "सत्तावीस."

"मग पट्टीवर अठ्ठावीस कसं?"

"मी तिथे सांगितलं होतं, सत्तावीसच येतायत म्हणून. ते म्हणाले सह्या बघा. सह्या अठ्ठावीस होत्या. मागे लाइन लागली होती. मला वाटलं, माझंच मोजायला चुकलं असेल. आधीच उशिरा आलो होतो सर."

हे शेवटचं वाक्य मला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. उशिरा येणं आणि चुकीचं मोजणं यांचा तसा काही संबंध नाही. पण सकाळी एकदा चुकलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत आपलं सगळंच चुकतंय असं वाटत राहतं, आणि वरून नेमणूक दर वर्षीची असली की ते वाटणं आणखी पक्कं होतं. मी त्यांच्या जागी असतो तर? मी म्हटलं असतं, "थांबा, आणखी एकदा मोजू, लाइन थांबू दे." मला म्हणता आलं असतं, कारण ती लाइन अडवल्याबद्दल माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही.

बैठक संपताना अहवालाचा मसुदा तयार झाला. सदर कनिष्ठ पर्यवेक्षकाने कामात हयगय केली, पुढील सत्रापासून त्यांना परीक्षेचं काम देऊ नये, नेमणुकीबाबत योग्य तो निर्णय घ्यावा. 'योग्य तो निर्णय' म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्णवेळ माणसावर कारवाई करायची तर नोटीस, खुलासा, चौकशी अधिकारी, मग न्यायाधिकरण. सीएचबीवाल्याला जूनमध्ये फक्त बोलवायचं नाही. काढलं असं कुठेही लिहावं लागत नाही.

मुलाला फोन करावा का, यावरही चर्चा झाली होती. नको, असं ठरलं. तो घाबरेल, घरचे येतील, संघटनेची मुलं येतील. आता मागे वळून बघताना यासारखा मूर्ख निर्णय दुसरा नाही असं वाटतं. ज्याचा पेपर हरवलाय असं आम्ही समजत होतो, त्यालाच विचारायचं आम्ही चार दिवस टाळलं.

मसुद्यावर सही करायच्या आधी मला ब्लॉक ७ च्या हजेरीची झेरॉक्स हवी होती, म्हणून परीक्षा विभागात गेलो. तिथे मंजूर पदं पाच, भरलेली दोन. त्यातले एक जण महिनाभरात निवृत्त होणार होते. बाकी काम एजन्सीमार्फत घेतलेल्या दोन मुली संगणकावर करतात. त्यातल्या एका ताईंना मी बैठक क्रमांक सांगितला. त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली.

"सर, हाच का? हा नंबर मला दोनदा आलाय."

"बैठक क्रमांक?"

"नाही सर, उत्तरपत्रिकेचा. ब्लॉक ७ मध्ये एकदा, आणि रिपीटरच्या खोलीत एकदा. सिस्टीम घेईना. मला वाटलं मीच चुकीचा टाइप केला, म्हणून बाजूला ठेवला. कुणी विचारलं तर दाखवावं म्हणून."

किती दिवसांपूर्वी? सहा. म्हणजे मास्किंगच्या मॅडमनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला त्याच्याही आधीपासून ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये होती.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले आणि सगळं उलगडलं. हा मुलगा जुन्या अभ्यासक्रमाचा, मागं राहिलेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून आमच्याकडे दोन पॅटर्न शेजारी शेजारी चालतात. नवा नियमित मुलांसाठी, जुना एटीकेटीवाल्यांसाठी. विषय अर्थशास्त्रच, पेपरची वेळ एकच, पण प्रश्नपत्रिका वेगळी. त्याचा फॉर्म विलंब शुल्कासह नेट कॅफेत भरला गेला, तिथे नवा पॅटर्न निवडला गेला, हॉल तिकीट तसंच आलं, आणि छापील यादीत तो ब्लॉक ७ मध्ये गेला. तिथे बसला, सही केली, उत्तरपत्रिका घेतली, आणि प्रश्नपत्रिका हातात आल्यावर त्याला कळलं की यातलं काहीच आपण वाचलेलं नाही. त्याने हात वर केला.

त्या वेळी, म्हणजे अकरा ते अकरा वीस, ब्लॉकवर कोण होतं? वडूजची एसटी आली नव्हती म्हणून तात्पुरते उभे केलेले आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक. त्यांनी मुलाचं ऐकलं, हॉल तिकीट बघितलं, आणि अगदी योग्य तेच केलं. त्याला उत्तरपत्रिकेसह रिपीटरच्या खोलीत पाठवलं. मुलाचं वर्ष त्यांनी वाचवलं. फक्त शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, ब्लॉक माझा नव्हता. मी दहा मिनिटं उभा होतो. ते सर आले की लिहितील असं वाटलं." ते सर आले तेव्हा धापा टाकत होते, आणि यांना तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्या ब्लॉकवर जायचं होतं. "सगळं झालंय, बसा" एवढं बोलणं झालं. यात खोटं काही नाही. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो, माणूस सरळ आहे.

रिपीटरच्या खोलीत छापील यादीत अकरा नावं होती. बारावं पेनने लिहिलं गेलं, सही घेतली, उत्तरपत्रिकेचा क्रमांक टाकला. गठ्ठ्यात बारा, पट्टीवर बारा. सगळं जुळत होतं, म्हणून तिथे कुणाला काही शंका यायचं कारणच नव्हतं. जुन्या पॅटर्नचे गठ्ठे थोडे असतात, ते तपासायला कराडच्या केंद्रावर जातात. मी तिथे फोन लावला. पलीकडच्या मॅडमनी पाच मिनिटांनी परत फोन केला. उत्तरपत्रिका होती. तपासूनही झाली होती. मार्क तक्त्यात चढले होते.

म्हणजे ती उत्तरपत्रिका हरवलीच नव्हती. जिथे असायला हवी तिथे ती पहिल्या दिवसापासून होती.

त्या संध्याकाळी मी मुलाला फोन केला, त्याचा फॉर्म दुरुस्त करून घ्यायचा होता म्हणून. तो कोरेगावला एका गॅरेजवर काम करत होता, मागे हातोड्याचे आवाज येत होते. मी प्रकार सांगितला. तो म्हणाला, "सर, मी त्याच दिवशी सांगितलं होतं की माझी दोन ठिकाणी सही झालीय. चालेल म्हणाले." कुणाला सांगितलं ते त्याला आठवत नव्हतं. ओळखपत्र लावलेलं कुणीतरी.

तीन माणसांना हे आधीपासून ठाऊक होतं. मुलाला पूर्ण, सीएचबीच्या सरांना एका आकड्यापुरतं, ताईंना एका क्रमांकापुरतं. तिघांनीही आपापल्या परीने सांगितलं होतं किंवा सांगायची तयारी ठेवली होती. आणि समितीत बसलेल्या आम्हा तिघांची मिळून सत्तर वर्षं नोकरी झालेली, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. सार्वजनिक विद्यापीठात नोकरी करणं कसं असतं असं कुणी नव्या माणसाने विचारलं, तर मी हल्ली हा प्रसंग सांगतो. कामाला जी माणसं लागतात त्यातली निम्मी मस्टरवर नसतात. बैठकीला मात्र मस्टरवरचीच बसतात.

आता दोष कुणाकुणाचा, ते सरळ लिहितो. सीएचबीच्या सरांची चूक होती. सत्तावीस मोजून अठ्ठावीसवर सही करणं ही चूकच, लाइन कितीही लांब असली तरी. गठ्ठा घेणाऱ्या लिपिकांनी मोजायच्या ऐवजी सह्या बघायला सांगितलं, ती त्याहून मोठी चूक, कारण मोजणं हेच त्यांचं त्या टेबलावरचं काम होतं. पण त्या दिवशी ते एकटे तीन माणसांचं टेबल सांभाळत होते, हेही खरं. ज्येष्ठ सरांनी शेरा लिहिला नाही. रिपीटरच्या खोलीतल्यांनी पेनने नाव वाढवलं, पण ते कुठून आलं ते लिहिलं नाही, आणि वरिष्ठ पर्यवेक्षकांना कळवलं नाही. आणि आम्ही समितीने सह्या बघितल्या, माणसं बघितली नाहीत.

मसुदा फाडला नाही, सरकारी पद्धतीप्रमाणे 'सुधारित' केला. सुधारित अहवालात हयगय हा शब्द गेला. 'समन्वयाचा अभाव' हा शब्द आला. मला तो शब्द आवडत नाही, कारण त्यात कुणीच नसतं. मी आग्रह धरला की पाचही जागा क्रमाने लिहाव्यात, आणि पूर्णवेळ प्राध्यापकांची जागाही त्यात यावी. बराच वाद झाला. एक सर म्हणाले, "त्यांची निवृत्ती जवळ आलीय, कशाला?" शेवटी 'तात्पुरते पर्यवेक्षक' असं लिहून तडजोड झाली. सीएचबीच्या सरांबाबतची शिफारस काढली. माझं श्रेय फार नाही. उत्तरपत्रिका सापडल्यावर कुणाला काढायची गरजच उरली नव्हती. ती कराडला सापडली नसती तर मी सही केली असती की नाही, याचं उत्तर मला प्रामाणिकपणे देता येत नाही. पेन खिशातून बाहेर काढलेलं होतं.

एक ठोस गोष्ट झाली. ब्लॉकच्या अहवालात एक नवा रकाना आला, 'ब्लॉक बदललेला विद्यार्थी: कुठून/कुठे'. तो ताईंनी सुचवला होता, तक्ताही त्यांनीच बसवून दिला. पर्यवेक्षक बदलला तर दोघांच्या सह्या वेळेसह, असंही ठरलं.

सीएचबीचे सर जूनमध्ये मुलाखतीला आले. घेतले गेले, पण नव्या रचनेत त्यांच्या विषयाचे तास कमी झाले होते, म्हणून ते आता आठवड्याचे काही दिवस आमच्याकडे आणि काही दिवस रहिमतपूरकडे जातात. परीक्षेच्या दिवशी ते आदल्या रात्रीच साताऱ्यात येऊन मित्राच्या खोलीवर राहतात, असं कळलं. गठ्ठा देताना तीनदा मोजतात. मागचे लोक कुरकुर करतात.

ताई आता नाहीत. मार्चला एजन्सीचं कंत्राट संपलं, नवी एजन्सी आली, तिने स्वतःची माणसं आणली. परवा नव्या मुलीने मला विचारलं, "सर, हा रकाना कशासाठी आहे? यात सगळे आडवी रेघच मारतात."